एकशें साठ एकरांच्या मागें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्ध ऐन भरांत असतां, इ. स. १८६२ सालीं दोन गोष्टी घडल्या. ता. २० मे रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली, आणि ता. २६ डिसेंबर रोजीं मिनेसोटांतील मॅन्केटो गांवीं अडतीस डकोटा इंडियनांना एकाच वेळीं फांशी देण्यांत आलें. पहिल्या गोष्टीनें, सरकारी पडीत जमीन जो कसील त्याची होईल असें वचन दिलें. दुसऱ्या गोष्टीनें डकोटांच्या उठावाचा शेवट झाला, व पुढल्याच वर्षीं त्या लोकांना मिनेसोटांतून हांकून देण्यांत आलें. जमीन 'पडीत' कशी होते तें हें असें. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी बहुधा निरनिराळ्या प्रकरणांत येतात. येथें ज्या कुटुंबाची हकीकत सांगावयाची आहे, त्याच्या संसारांत मात्र त्या शेजारीं शेजारीं आढळतात.

हें कुटुंब चार्लस इंगल्स याचें. त्याची दुसरी मुलगी लॉरा हिनें उतारवयांत आपल्या व नवऱ्याच्या बाळपणावर आठ कादंबऱ्या लिहिल्या. त्या १९३२ ते १९४३ या काळांत प्रसिद्ध झाल्या आणि आजही जगभर मुलांच्या हातीं आहेत. त्यांतील बाप सारंगी वाजवितो, आई काटकसरीनें घर संभाळते, आणि गाडी पश्चिमेकडे चालूं लागते. चित्र मनोहर आहे, आणि त्यांत खोटें फारसें नाहीं. पण घराण्याचा माग काढूं पाहणाऱ्यानें कादंबरी एका बाजूस ठेवून खानेसुमारीचे तक्ते, कुटुंबाच्या बायबलांतील जन्मनोंदी आणि जमीन कचेरीचे कागद हातीं घ्यावेत. तेथें दुसरीच एक कथा हळूहळू उलगडत जाते.

प्रथम कायदा काय होता तें पाहूं. एकवीस वर्षें पुरीं झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणासही १६० एकर जमीन मागतां येई. थोडी फी भरावयाची, घर बांधावयाचें, पांच वर्षें तेथें राहून जमीन कसावयाची. मग दोन साक्षीदार आणून तसें शाबीत केलें कीं मालकीची सनद मिळे. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क होता. लॉराची पुढें नणंद झालेल्या एलायझा जेन वाइल्डर हिनें स्वतःच्या नांवावर अशी जमीन घेतली होती. हा कायदा १९७६ सालीं रद्द झाला, अलास्कांत तर तो १९८६ पर्यंत चालला. तोंवर सुमारे १६ लाख लोकांना मिळून २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण भूमीचा सुमारें दहावा हिस्सा, या वाटेनें गेला. आंकडे मोठे आहेत खरे. परंतु त्या १६ लाखांपैकीं एका सनदेपर्यंत पोंचावयास काय पडलें, हें आंकड्यांत दिसत नाहीं.

चार्लसचा जन्म १८३६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत झाला. बापाबरोबर तो इलिनॉयला व तेथून विस्कॉन्सिनला आला, म्हणजे भटकंती त्याच्या वांट्यास वारशानेंच आली होती. १८६० सालीं त्यानें कॅरोलाइन क्वाइनर हिच्याशीं लग्न केलें. विस्कॉन्सिनमधील पेपिनजवळच्या अरण्यांत मेव्हण्यासह त्यानें जमीन घेतली. तेथें १८६५ मध्यें मेरी व १८६७ मध्यें लॉरा जन्मली. ही जमीन विकत घेतलेली होती, फुकटची नव्हे. ती विकून मिसूरीमार्गें हें कुटुंब १८६९ सालीं कॅन्ससच्या दक्षिण भागांत उतरलें.

येथें जरा थांबलें पाहिजे. ज्या माळावर चार्लसनें लांकडी घर बांधलें तो माळ ओसेज इंडियनांचा राखीव मुलूख होता. होमस्टेड कायदा तेथें लागूच नव्हता. १८७० च्या खानेसुमारीच्या कारकुनानेंसुद्धां, ही जमीन ओसेजांची असून वसाहतवाल्यांचा तीवर हक्क नाहीं, अशी नोंद करून ठेवली आहे. त्याच वर्षीं ऑगस्टांत कॅरीचा जन्म तेथें झाला. कादंबरींत मात्र कॅरी विस्कॉन्सिनहून निघतांनाच गाडींत आहे. शिवाय इंडिपेंडन्स हें गांव घरापासून चाळीस मैलांवर असल्याचें लॉरा सांगते. प्रत्यक्षांत तें तेरा मैलांच्या आसपास होतें. शेजाऱ्यांचे दाखले खानेसुमारीशीं जुळवून घराची जागा पुढें निश्चित करण्यांत आली.

अंतराची चूक क्षम्य आहे. लॉरा तेथून निघाली तेव्हां चार वर्षांची होती, आणि आईबापांच्या तोंडून ऐकलें तेंच तिनें लिहिलें. पण निघण्याचें कारण क्षुल्लक नव्हे. सरकारचे शिपाई येऊन वसाहतवाल्यांना हुसकून लावणार म्हणून बापानें रागानें गाडी जुंपली, असें कादंबरी सांगते. वास्तविक घडलें तें उलट. जुलै १८७० मध्यें काँग्रेसनें कायदा केला, सप्टेंबरांत ओसेजांनीं त्यास संमति दिली. आणि एकरीं सव्वा डॉलर दरानें ती जमीन वसाहतवाल्यांना विकून ओसेजांना दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमांत, जावें लागलें. हुसकले गेले ते मूळचे मालक. इंगल्स कुटुंब १८७१ सालीं परतलें, कारण विस्कॉन्सिनमधील जमिनीच्या गिऱ्हाइकाला पैसे पुरे करतां येईनात आणि ती पुन्हां यांच्या गळ्यांत आली.

१८७४ सालीं पुन्हां गाडी निघाली, ती मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्ह येथें थांबली. ज्यांना अकरा वर्षांपूर्वीं हांकलण्यांत आलें त्या डकोटांचाच हा प्रदेश. गहूं चांगला उभा राहिला, आणि टोळधाड आली. रॉकी पर्वतांतून येणाऱ्या त्या टोळांनीं १८७३ पासून चार-पांच वर्षें मिनेसोटा उजाड करून सोडला होता. आभाळ काळवंडे, आणि टोळ उडून जात तेव्हां शेतांत हिरवी काडी म्हणून उरत नसे. बाप सुगीच्या मजुरीसाठीं पूर्वेकडे पायीं गेला. १८७५ च्या अखेरीस, आपण सर्वस्वीं निष्कांचन आहों असें लिहून देऊन त्यानें सरकारी मदतीचीं दोन अर्धीं पिपें पीठ घेतलें. स्वाभिमानी माणसास ही सही किती जड गेली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. लॉराच्या कादंबरींत टोळ आहेत. ही सही नाहीं.

दुसरीही एक गोष्ट तिनें गाळली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कुटुंबांत एकुलता एक मुलगा जन्मला. नऊ महिन्यांनीं, ऑगस्ट १८७६ मध्यें, वाटेवरच तो वारला. पुढें आयोवांतील बर ओक गांवीं नवराबायकोनें एका खाणावळींत काबाडकष्ट केले. कर्ज फिटेना तेव्हां १८७७ सालीं उजाडण्यापूर्वीं गाडी जुंपून त्यांनीं गांव सोडलें. हीं दोन वर्षें आठही कादंबऱ्यांत सांपडत नाहींत. पण १९३० च्या सुमारास लॉरानें लिहिलेलें मूळ आत्मवृत्त २०१४ सालीं छापलें गेलें, आणि त्यांत तीं आहेत. मुलांच्या पुस्तकांतून मृत्यु आणि कर्ज तिनें वगळलें तर तिला दोष देववत नाहीं. स्वतःच्या वहींत मात्र तिनें कांहीं लपविलें नाहीं, ही तिची सचोटी होय.

१८७९ सालीं मेरीची दृष्टि गेली. त्याच वर्षीं चार्लसला डकोटांत नव्या आगगाडीच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी मिळाली, आणि फेब्रुवारी १८८० मध्यें डी स्मेट गांवाजवळच्या जमिनीसाठीं त्यानें अर्ज केला. लग्नास वीस वर्षें झालीं तेव्हां कोठें होमस्टेड कायदा त्याच्या उपयोगास आला! पहिलाच पुरा हिंवाळा भयंकर निघाला. ऑक्टोबरांत बर्फाचें वादळ झालें, जानेवारींत आगगाडी बंद पडली ती मे महिन्यांत सुरू झाली. गवताच्या पेंढ्या पिळून जाळाव्या आणि कॉफीच्या चक्कींत गहूं दळून खावा, अशी गत होती. सुतारकाम, मजुरी, मुलींचें शिवणकाम आणि लॉराची शिक्षकी यांवर जमीन तगली. जमिनीवर हीं माणसें तगलीं, असें म्हणवत नाहीं. १८८६ मध्यें सनदेचा पुरावा पुरा झाला. १८८७ मध्यें चार्लसनें गांवांत घर बांधलें, आणि १८९२ मध्यें ती जमीन विकून टाकली. १९०२ सालीं तो वारला. ज्या टोळानें त्याचें शेत खाल्लें ती जात शेवटची जिवंत दिसली तीही १९०२ मध्येंच. पुढें ती अजीबात नष्ट झाली.

लॉरानें १८८५ सालीं आल्मान्झो वाइल्डरशीं लग्न केलें. त्याच्याकडे एक होमस्टेड होतें, आणि झाडें लावण्याच्या अटीवर मिळालेली आणखी एक जमीन होती. घटसर्पानें नवरा अधू झाला, अवर्षणानें पिकें गेलीं, १८८९ सालीं तान्हा मुलगा वारला आणि त्याच वर्षीं घर जळालें. १८९४ मध्यें सांचविलेले शंभर डॉलर घेऊन तीं दोघें मुलीसह मिसूरींत मॅन्सफील्डला आलीं. तेथें दगडगोट्यांची चाळीस एकर टेंकाड जमीन त्यांनीं गहाणाचा बोजा घेऊन विकत घेतली. त्याच जमिनीवर तीं शेवटपर्यंत राहिलीं. आल्मान्झो १९४९ सालीं वारला, लॉरा १९५७ सालीं.