दुग्धघटक ते सशर्त जनुकलोप : मूषक-प्रयोगांतील एका प्रश्नाचा इतिहास

एखाद्या अवयवाचे कार्य जाणावयाचे असेल तर तो काढून टाकावा आणि शरीरात काय बिघडते ते पाहावे, ही शरीरक्रियाविज्ञानाची जुनी रीत होय. सस्तन प्राण्यांच्या जनुकांना ही रीत लावण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले; आणि ती लावली जाताच तिची मर्यादाही उघड झाली. त्या मर्यादेतूनच सशर्त जनुकलोपाचे तंत्र जन्मास आले. या तंत्राचा इतिहास युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या संदर्भात सांगितला जातो, व ते यथार्थच आहे. तथापि त्यातील एक धागा परळच्या प्रयोगशाळेत पूर्वीच हाताळल्या गेलेल्या प्रश्नाशी येऊन मिळतो. तो कोठे जुळतो व कोठे तुटतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९०९ साली क्लॅरेन्स लिटल यांनी सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करून उंदरांचा शुद्धवंश निर्माण करण्यास आरंभ केला. असे वीस पिढ्यांचे प्रजनन झाले म्हणजे त्या वंशातील प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकरूप होतात. काही वंशांत स्तनांचा कर्करोग वारंवार आढळे, काहींत क्वचितच. हा भेद केवळ जनुकांचा आहे, असे मानणे स्वाभाविक होते. परंतु १९३६ साली जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वंशातील पिले रोगमुक्त वंशातील मादीच्या दुधावर वाढवून दाखविली, तेव्हा त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटले. रोगाचे एक कारण दुधावाटे येत होते. हा ‘दुग्धघटक’ म्हणजे एक विषाणू होय, हे पुढे सिद्ध झाले.

मुंबईत या प्रश्नाचा पाठपुरावा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात व १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर दीर्घकाळ काम केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आय.सी.आर.सी.’ हे नाव मिळालेला वंश याच परंपरेतला. आनुवंशिक प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा परस्परसंबंध हा रणदिवे यांच्या अभ्यासाचा गाभा होता. परंतु त्या काळाची साधने वंश, पालक-माता आणि ग्रंथिच्छेदन एवढीच होती. त्यांच्या योगे ‘वंशाचा प्रभाव’ मोजता येई. त्या प्रभावातील अमुक एका जनुकाचा वाटा वेगळा काढता येत नसे.

ते सामर्थ्य प्रथम १९८१ साली हाती येऊ लागले. त्या वर्षी मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी, उंदराच्या भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. मारिओ कापेची व ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतील नेमके जनुक बदलण्याची रीत सिद्ध केली. १९८९ पासून इच्छित जनुक नष्ट केलेले उंदीर जन्मास येऊ लागले. २००७ साली इव्हान्स, कापेची व स्मिथीज यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण अनेक जनुके अशी निघाली की ती नसता भ्रूण गर्भातच मरे. मृत भ्रूणावरून प्रौढ प्राण्यातील त्या जनुकाचे कार्य कसे कळावे?

पलूस-तासगाव भागातील द्राक्षबागायतदार वेल उपटून तिची परीक्षा करीत नाही. तो एप्रिलमध्ये खरडछाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी करतो. कोणती काडी केव्हा कापावी, यातच त्याचे कौशल्य असते. जनुकांच्या बाबतीत असेच स्थल-कालाचे नियंत्रण हवे होते. ते जीवाणूंवर जगणाऱ्या ‘पी-१’ या विषाणूने पुरविले. त्याचे ‘क्री’ नावाचे विकर ‘लॉक्स-पी’ ही ३४ अक्षरी खूण ओळखते आणि एकाच दिशेच्या दोन खुणांमधील डीएनएचा तुकडा कापून वगळते. ब्रायन सॉअर यांनी १९८८ साली हे विकर सस्तन पेशींतही चालते, हे दाखविले. १९९४ साली क्लाउस रायेव्स्की व त्यांचे सहकारी यांनी एक जनुक केवळ टी-पेशींतून वगळले. पुढे टॅमॉक्सिफेन दिल्यावरच कार्यरत होणारे क्री-विकर तयार झाले आणि स्थळाबरोबर काळही संशोधकाच्या हाती आला.

परळचा धागा येथे जुळतो. ‘बी.आर.सी.ए.-१’ या जनुकाची एक प्रत सदोष असल्यास स्त्रियांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका पुष्कळच वाढतो. उंदरांत मात्र एक प्रत बिघडल्याने रोग उद्भवेना, आणि दोन्ही नष्ट केल्या तर भ्रूण मरे. १९९९ साली श्याओलिंग शू, च्यू-शिया डेंग व सहकाऱ्यांनी हे जनुक फक्त स्तनग्रंथींत बिघडविले; तेव्हा दीर्घ काळाने काही माद्यांत अर्बुदे झाली. क्री-विकर स्तनग्रंथींतच प्रकट व्हावे यासाठी जे नियंत्रक भाग वापरण्यात आले, त्यांपैकी एक होता बिटनर यांच्या त्याच दुग्ध-विषाणूचा. हा भाग संप्रेरकांना प्रतिसाद देतो. विषाणू व संप्रेरके यांचा जो संबंध पूर्वसूरींना रोगाच्या प्रमाणावरून दिसला, त्याचा रेण्वीय पाया असा उघड झाला.

म्हणून परळच्या कार्यातून क्री-तंत्र निघाले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते जीवाणू-विषाणूंच्या अभ्यासातून आले. परंतु नवे तंत्र आले म्हणून जुन्या वंशविद्येचे महत्त्व सरले, हेही तितकेच चूक आहे. तोच जनुकलोप निरनिराळ्या वंशांत निरनिराळे परिणाम दाखवितो. उपरोक्त विषाणूचा नियंत्रक भाग लाळग्रंथींसारख्या अन्य ऊतींतही जागा होतो. आणि क्री-विकर स्वतःच पेशीस अपाय करू शकते. खुणा नसलेले पण क्री असलेले भावंड तुलनेस न ठेवल्यास निष्कर्ष फसवा ठरतो. एकट्या जनुकाला बोलते करावयाचे, तर भोवतालचे सारे स्थिर राखावे लागते. शुद्धवंशांच्या निर्मात्यांनी व परळच्या संशोधकांनी जी शिस्त घालून दिली ती हीच होय, आणि आजच्या निष्कर्षांची विश्वसनीयता तिच्यावरच अवलंबून आहे.