ग्वारानींचे गोड पान

काही वर्षांपूर्वी रविवारचा मिस्सा आटोपल्यावर बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आमच्याकडे आले. त्यांच्या एका हातात छापील पत्रक होते आणि दुसऱ्या हातात कुंडीतले कोवळे रोप. "फादर, एक पान चावून पाहा," ते म्हणाले. पान तुळशीसारखे दिसत होते, पण चावताच साखरेहून दाट गोडी जिभेवर पसरली आणि शेवटी किंचित कडसर चव मागे राहिली. ते रोप स्टीव्हियाचे, म्हणजेच मधुपर्णीचे होते. पत्रकात एकरी भरघोस उत्पन्नाचे आश्वासन होते. "सोयाबीन मोडून हे लावू का?" या त्यांच्या प्रश्नाला तेव्हा आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे या वनस्पतीचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की त्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर या इतिहासातच आहे.

दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे आणि ब्राझील यांच्या सीमेवर आमांबाय नावाची डोंगररांग आहे. मधुपर्णीचे मूळ घर तेच. तेथील ग्वारानी लोक, त्यांतही पाय ताव्हीतेरा आणि कायोवा हे समाज, या पानाला 'का-आ हे-ए' म्हणजे गोड वनस्पती म्हणत. माते नावाच्या कडवट पेयाला गोडी आणण्यासाठी आणि औषधासाठी ते हे पान वापरीत.

ग्वारानी हे नाव ख्रिस्ती इतिहासात अपरिचित नाही. १६०९ पासून येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या, गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून त्यांचे रक्षण करण्याचा प्रयत्न केला आणि माते वनस्पतीच्या बागाही फुलविल्या. फादर आंतोनियो रुईस दे मोंतोया यांचा ग्वारानी शब्दकोश १६३९ साली माद्रिद येथे छापला गेला. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली आणि कोकणी व्याकरण १६४० साली छापले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच काळी, एकाच संघाचे धर्मगुरू लोकभाषेपुढे विद्यार्थी होऊन बसले होते, हे मनाला भिडते. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना आपल्या राज्यातून हद्दपार केले आणि त्या वसाहतींना उतरती कळा लागली. मधुपर्णीचे डोंगर मात्र या वसाहतींच्या उत्तरेस होते; ते पान बाहेरच्या जगाला पुढे शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ अज्ञातच राहिले.

या कुळाचे स्टीव्हिया हे नाव १७९७ साली आंतोनियो होसे कावानिलेस यांनी, सोळाव्या शतकातील वैद्य व वनस्पतिज्ञ पेद्रो हायमे एस्तेवे यांच्या स्मरणार्थ ठेवले होते. कावानिलेस स्वतः धर्मगुरू होते. गोड पान मात्र विज्ञानाच्या दारी आणले ते मोइसेस बेर्तोनी यांनी. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात १८५७ साली जन्मलेले हे निसर्गशास्त्रज्ञ पॅराग्वेच्या अरण्यात येऊन स्थायिक झाले. १८८७ मध्ये त्यांनी या वनस्पतीची कीर्ती स्थानिक वाटाड्यांच्या तोंडून ऐकली. अनेक वर्षे त्यांच्या हाती केवळ सुकलेले तुकडे आले. त्यांवरूनच त्यांनी १८९९ साली पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९०३ मध्ये सान पेद्रो गावच्या धर्मगुरूंनी त्यांना जिवंत रोप पाठविले. त्या रोपाच्या अभ्यासातून आधीच्या वर्णनातील उणिवा दूर झाल्या आणि १९०५ साली तिचे आजचे शास्त्रीय नाव रूढ झाले. त्यातील 'रेबाउदियाना' हा शब्द रसायनशास्त्रज्ञ ओविदियो रेबाउदी यांच्या नावावरून आला.

आपल्या लोकांची झाडेझुडपे ओळखणारे ते खेड्यातील धर्मगुरू आम्हांला फार जवळचे वाटतात. तथापि येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. स्पॅनिश वैद्याचे नाव उरले, रसायनशास्त्रज्ञाचे उरले, बेर्तोनींचेही उरले. ज्यांनी पिढ्यानुपिढ्या ते पान ओळखून जपले, त्या ग्वारानींचा त्या नावात मागमूसही नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९३१ मध्ये ब्रिदेल आणि लाव्हियेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानातील गोड द्रव्य वेगळे केले. साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असलेले हे द्रव्य १९७० च्या दशकात जपानने बाजारात आणले. मग चीनमध्ये त्याची मोठी लागवड झाली. २००८ मध्ये अमेरिकेत आणि २०११ मध्ये युरोपीय संघात शुद्ध अर्काला मान्यता मिळाली. शीतपेयांच्या मोठ्या कंपन्या त्याकडे वळल्या. दरम्यान आमांबायच्या दोन्ही बाजूंची अरण्ये सोयाबीन, ऊस आणि गुरांच्या कुरणांसाठी तोडली गेली. पान जगभर पोहोचले आणि त्याचे मूळ जपणारे लोक स्वतःच्या भूमीतून हुसकले गेले. नाबोथाचा द्राक्षमळा आठवावा, अशीच ही कथा आहे. २०१५ साली काही संस्थांनी या अन्यायावर अहवाल प्रसिद्ध केला व नफ्यातील वाटा ग्वारानींना द्यावा अशी मागणी केली. त्यांत जर्मनीच्या बिशपांची मिझेरिओर ही संस्थाही होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात मूळ रहिवाशांची ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मूळ प्रदेशात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बुलढाण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून ठिबक सिंचनावाचून हे पीक येथे तग धरत नाही. त्याला सतत ओल हवी, पण साचलेले पाणी चालत नाही; काळ्या भारी जमिनीत मुळे कुजतात, तर पूर्णाकाठचा खारपाणपट्टा त्याला मुळीच मानवत नाही. निचऱ्याच्या जमिनीत गादीवाफे करूनच लागवड करावी लागते. बी नीट उगवत नाही, म्हणून फाट्यांपासून केलेली रोपे विकत घ्यावी लागतात आणि ती एकरी तीस हजारांच्या आसपास लागतात. आपल्याकडे दिवस लहान असल्याने झाड लवकर फुलावर येते. फुले येण्याआधी पानात गोडी सर्वाधिक असते, म्हणून कळ्या दिसू लागताच कापणी करावी, पाने त्वरेने सुकवावी आणि काड्या वेगळ्या कराव्या. एकदा लावलेले पीक तीन ते पाच वर्षे उभे राहते.

यात पहिला खर्च रोपांचा असतो; म्हणजे पहिला पैसा रोपे विकणाऱ्याला मिळतो, शेतकऱ्याला नव्हे. शिवाय आपल्या देशात रोपे कायद्याच्या आधी आली. अनेक शेतकऱ्यांनी लागवड केली, पण खाद्यपदार्थांत या अर्काला परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये, आणि तीही शुद्ध केलेल्या अर्काला. वाळलेले पान घेणारा कारखाना जवळ नसेल, तर पोत्यांतील पानाला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

वऱ्हाडाने हा धडा पूर्वीही घेतला आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ गजबजली, १८७० साली तेथे रेल्वेचा फाटाही आला. परंतु युद्ध संपताच भाव कोसळले होते आणि वाढीव भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे शेतकऱ्याच्या माथी राहिली. दूरच्या बाजारावर विसंबलेल्या पिकाचे भवितव्य शेतकऱ्याच्या बांधावर ठरत नसते.

त्या धर्मग्रामस्थांना आम्ही अखेर इतकेच सांगितले, की आधी खरेदीदार, त्याचा लेखी करार आणि पान मोजून घेण्याची रीत पाहा. मग रोपांचा विचार करा. त्यांनी सोयाबीन मोडले नाही. विहिरीजवळ दोन वाफे मात्र लावले. त्यांच्या मधुमेही आई आजही त्या पानांचा चहा घेतात. डॉक्टरांची औषधे आणि पथ्य सोडायचे नाही, हे आम्ही त्यांना बजावले आहे. गेल्या वेळी घरभेटीला गेलो, तेव्हा त्यांच्या शाळकरी नातीने विचारले, "फादर, हे झाड कोणाचे?" आम्ही तिला आमांबायचे डोंगर आणि ग्वारानी लोकांची हकीकत सांगितली. त्या संध्याकाळी कुटुंबाच्या प्रार्थनेत तिने त्या लोकांसाठी एक विनंती आपणहून जोडली.