अंथरूण, चादर आणि पगारातले दोनशे रुपये

मी बाळकुमला राहतो, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ सुरू झाल्यापासून आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद ठरलेला आहे. “सर, सरकार कर्ज काढून पैसे वाटतंय. राज्य बुडणार!”

अशा वेळी मी पगारपत्रकातली एक ओळ दाखवतो. व्यवसाय कर, रुपये २००. हा कर कशासाठी आला, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

१९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये राज्यातली जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझी दादीही होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर आणि सुकडीवर घर जगले, असे अम्मी आजही सांगते.

मागेल त्याला काम द्यावे, ही विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. पण पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला. कर जितका जमेल तितकीच भर सरकारने घालायची, असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहराने दिलेल्या पैशातून खेड्यात पाझर तलाव, बांध, रस्ते झाले.

मराठीत अंथरूण पाहून पाय पसरतात, उर्दूत चादर पाहून. तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या टक्क्यांत मोजतात ती याचसाठी. नुसता कर्जाचा आकडा म्हणजे फक्त पाय; चादर केवढी, ते त्यातून कळत नाही. राजकोषीय तुटीची मर्यादा ३ टक्के आहे आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला अंदाज तिच्या आतच होता. म्हणजे राज्य उद्या बुडत नाही.

पण सहकाऱ्यांची काळजी अगदीच खोटी नाही. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. म्हणजे काही कर्ज रोजच्या खर्चासाठीच. तलाव बांधायला काढलेले कर्ज पुढे चादर थोडी वाढवते. रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज बहुधा व्याजच वाढवते.

गरीब बाईच्या हाती १५०० रुपये पडू नयेत, असे मी म्हणणार नाही. दादीचा नातू तसे म्हणूच शकत नाही. माझे मागणे एवढेच आहे: १९७५ मध्ये ‘हे कोण भरणार’ हे सरकारने लोकांना तोंडावर सांगितले होते. आजही सांगावे. माझे दोनशे रुपये मी तेव्हा जास्त खुशीने देईन.