डिजिटल चलच्चित्र कॅमेऱ्यासाठीच्या भिंगांची तुलना : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, नट आणि निर्मितिसंस्था यांना जे स्थान लाभले, ते भिंगाला लाभले नाही. वस्तुतः पडद्यावर उमटणारी प्रत्येक प्रतिमा प्रथम भिंगातून जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी फिल्मची जागा डिजिटल संवेदकाने घेण्यास प्रारंभ केला. मात्र भिंग कालबाह्य झाले नाही. योग्य जोडणी केल्यास जुने भिंग आजच्या कॅमेऱ्यावरही बसविता येते. त्यामुळे जुन्या व नव्या भिंगांची तुलना एकाच कॅमेऱ्यावर करणे शक्य झाले आहे. अशा तुलनेतून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१) चलच्चित्रभिंगांच्या तुलनेचे निकष काळानुसार कसे बदलले, याचा आढावा घेणे.
२) डिजिटल संवेदकामुळे भिंगांपुढे उभ्या राहिलेल्या नव्या अपेक्षा स्पष्ट करणे.
३) जुन्या भिंगांच्या आजच्या चाचण्यांचे ऐतिहासिक पुरावा म्हणून मूल्य तपासणे.

फिल्मच्या काळातील निकष

इ. स. १८९३ मध्ये एच. डेनिस टेलर यांनी इंग्लंडमधील यॉर्क येथील टी. कुक अँड सन्स या संस्थेत तीन काचांचे 'कुक ट्रिप्लेट' भिंग रचले. १८९६ मध्ये जर्मनीत पॉल रुडॉल्फ यांनी झाइस कंपनीसाठी 'प्लॅनार', तर १९०२ मध्ये 'टेसार' भिंगाची रचना केली. विपथन कमी करणे आणि चित्रचौकटीच्या कडेपर्यंत रेखीवपणा टिकविणे, ही त्या काळातील मुख्य कसोटी होती.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कसोटी बदलली. लाल रंगाला प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली. बोलपटामुळे आवाज करणाऱ्या आर्क दिव्यांऐवजी टंगस्टन दिव्यांचा वापर वाढला. रंगपटाच्या लाल भागात अधिक प्रकाश देणाऱ्या या दिव्यांसाठी अधिक मोठ्या छिद्राचे आणि त्या रंगांसाठी दोषमुक्त केलेले भिंग हवे होते. लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीचे 'कुक स्पीड पँक्रो' हे या गरजेचे अपत्य होय. त्याच्या नावातच वेग आणि पँक्रोमॅटिक फिल्म यांचा उल्लेख आहे. भिंगाचा इतिहास हा फिल्म व प्रकाशयोजना यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, याचा हा बोलका पुरावा आहे.

पुढचा टप्पा परावर्तनरोधी लेपाचा. लेपविरहित काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. आठ पृष्ठभाग असल्यास सुमारे ७२ टक्के, तर वीस पृष्ठभाग असल्यास अवघा ४४ टक्के प्रकाश थेट पार होतो. परावर्तित प्रकाशाचा काही अंश भिंगातच भटकत राहून चित्रातील काळा रंग फिका करतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाचे तंत्र सिद्ध केले आणि अनेक काचांची झूम भिंगे व्यवहार्य होण्याचा मार्ग खुला झाला. केवळ भूमितीवर आधारलेल्या एफ-अंकाऐवजी प्रत्यक्ष पार होणारा प्रकाश सांगणारा टी-अंक चित्रपटक्षेत्राने स्वीकारला, त्यामागेही हेच कारण आहे.

प्रकाशक्षमतेच्या स्पर्धेचे टोक म्हणजे झाइसचे ५० मिमी, एफ/०.७ प्लॅनार भिंग. नासासाठी बनविलेल्या या भिंगांपैकी तीन भिंगे स्टॅन्ली कुब्रिक यांनी मिळविली आणि 'बॅरी लिंडन' (१९७५) मधील मेणबत्तीच्या उजेडातील दृश्ये त्यांवर चित्रित झाली. तेव्हाची रंगीत फिल्म १०० एएसए क्षमतेची होती. रासायनिक प्रक्रियेत ती एक टप्पा वाढवून २०० इतकी वापरली गेली. अत्यल्प क्षेत्रखोली ही त्या निवडीची किंमत होती.

डिजिटल संवेदक आणि तुलनेचे नवे संदर्भ

आरंभीच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी भिंगांपुढे वेगळाच प्रश्न उभा केला. 'स्टार वॉर्स : अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२) साठी वापरलेल्या सोनी एफ९०० कॅमेऱ्यात तीन लहान संवेदक व त्यांपुढे प्रकाश विभागणारा लोलक होता. त्याची चित्रचौकट सुमारे ९.६ मिमी रुंद होती. १२ मीटर रुंदीच्या पडद्यावर ती १२५० पट मोठी होते. सुमारे २४ मिमी रुंदीची ३५ मिमी फिल्मची चौकट मात्र ५०० पटच वाढवावी लागते. म्हणजे पडद्यावर समान तपशील मिळण्यासाठी लहान संवेदकाच्या भिंगाने अडीच पट सूक्ष्म तपशील टिपला पाहिजे. लोलकातून जाणाऱ्या किरणांचा हिशेबही भिंगाच्या रचनेतच करावा लागतो. पॅनाव्हिजनने या कॅमेऱ्यासाठी 'प्रिमो डिजिटल' ही स्वतंत्र मालिका तयार केली ती याचसाठी.

लहान संवेदकाचे लाभही होते. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) या चित्रपटासाठी छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी ३५ मिमी फिल्मबरोबरच एसआय-२के हा छोटा डिजिटल कॅमेरा वापरला. दाट वस्तीतील अरुंद गल्ल्यांतून तो सहज फिरविता येत होता. २००९ मध्ये या चित्रपटाला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले. येथे भिंगाच्या निरपेक्ष गुणवत्तेपेक्षा त्याचा आटोपशीरपणा निर्णायक ठरला, ही बाब केवळ आकडेवारीवर विसंबणाऱ्या तुलनांत निसटून जाते.

३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या एकल संवेदकाचे कॅमेरे आले तेव्हा चित्र पालटले. २००७ मध्ये 'रेड वन' आणि २०१० मध्ये 'ॲरी अलेक्सा' बाजारात आले. या दोन्हींवर पीएल जोडणी होती. या जोडणीत भिंगाची बैठक आणि प्रतिमापटल यांमधील अंतर ५२ मिमी असते. फिल्म कॅमेऱ्यातील फिरत्या आरशाला जागा देण्यासाठी हे अंतर ठेवलेले होते. त्यामुळे भिंगाची मागची काच प्रतिमापटलापासून दूर राहते आणि कडेचे किरण संवेदकावर फार तिरपे पडत नाहीत. आरशासाठी केलेली सोय डिजिटल युगात अशी अनपेक्षितपणे उपयोगी पडली आणि जुन्या भिंगांचा साठा निकामी झाला नाही. २०१८ मध्ये ॲरीने मोठ्या संवेदकासाठी आणलेल्या एलपीएल जोडणीत हे अंतर ४४ मिमी केले; आरसाच उरला नसल्याने ते शक्य झाले.

संवेदकाचा आकार दुर्लक्षून केलेली तुलना फसवी ठरते. ५० मिमी भिंगाचा आडवा दृष्टिकोन ९.६ मिमी रुंद संवेदकावर सुमारे ११ अंश, २४ मिमीवर २७ अंश आणि अलेक्सा एलएफच्या ३६.७ मिमीवर ४० अंश होतो. भिंग एकच, पण चित्रे तीन. शिवाय संवेदकाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. अलेक्साच्या संवेदकातील प्रत्येक प्रकाशबिंदू ८.२५ मायक्रॉनचा आहे. तो दर मिलिमीटरला तत्त्वतः सुमारे ६० रेषाजोड्याच नोंदवू शकतो. यापलीकडे दोन भिंगांत फरक असला तरी त्या कॅमेऱ्यावर तो विश्वसनीयपणे दिसणार नाही.

रेखीवपणाकडून स्वभावाकडे

अलेक्साची मूळ प्रकाशसंवेदनक्षमता ८०० आहे, म्हणजे 'बॅरी लिंडन'साठी वाढवून वापरलेल्या फिल्मच्या चौपट. अंधारात चित्रण करण्यासाठी असामान्य छिद्राची निकड त्यामुळे कमी झाली. २००५ मध्ये आलेली ॲरी-झाइसची टी १.३ 'मास्टर प्राइम' मालिका रेखीवपणा व दोषनिवारण यांत अत्यंत प्रगत होती. यानंतर मात्र उलटा प्रवाह सुरू झाला. डिजिटल चित्र फार कोरडे, फार स्वच्छ वाटते, अशी तक्रार छायालेखक करू लागले आणि पूर्वी दोष मानलेली वैशिष्ट्ये, म्हणजे कडेचा मऊपणा, प्रकाशाची झळाळी, कमी काँट्रास्ट, ही भिंगाचा 'स्वभाव' म्हणून मागितली जाऊ लागली. २०१७ मध्ये कुक कंपनीने जुन्या स्पीड पँक्रोच्या धर्तीवर 'पँक्रो क्लासिक' मालिका नव्याने आणली.

'बेन-हर' (१९५९) च्या काळातील अल्ट्रा पॅनाव्हिजन भिंगे 'द हेटफुल एट' (२०१५) मध्ये ६५ मिमी फिल्मवर, तर 'रोग वन' (२०१६) मध्ये अलेक्सा ६५ या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरली गेली. भिंगांची परंपरा एकच असूनही दोन्ही चित्रपटांची दृश्यभाषा भिन्न आहे. प्रकाशयोजना, फिल्म अथवा संवेदक, आणि रंगसंस्करण यांचा वाटा भिंगाइतकाच मोठा आहे, हे यावरून दिसते.

येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. आज डिजिटल कॅमेऱ्यावर तपासलेले जुने स्पीड पँक्रो म्हणजे १९३० च्या दशकातील प्रेक्षकाने पाहिलेली प्रतिमा नव्हे. त्या प्रेक्षकाने भिंगाची प्रतिमा फिल्मच्या कणांतून, प्रतीवरून काढलेल्या प्रतीतून आणि प्रक्षेपकाच्या दुसऱ्या भिंगातून पाहिली. मधल्या काळात काचेवर ओरखडे पडले असतील, धूर साचला असेल, नंतर लेप चढविला गेला असेल. त्या भिंगाच्या रचनाकारांना मऊपणा नको होता. त्यांच्या दृष्टीने ते भिंग वेगवान व रेखीवच होते. 'जुना लुक' ही बव्हंशी आजच्या डिजिटल स्वच्छतेच्या पार्श्वभूमीवर घडलेली कल्पना आहे.

निष्कर्ष

१) चांगल्या भिंगाची व्याख्या स्थिर नाही. दोषनिवारण, प्रकाशक्षमता, विभेदनक्षमता आणि स्वभाव असे निकष फिल्म, दिवे व संवेदक यांच्या बदलांनुसार पुढे आले.
२) संवेदकाचा आकार, टी-अंक, दृष्टिकोन व प्रकाशयोजना समान ठेवल्याशिवाय केलेली तुलना ग्राह्य मानता येत नाही.
३) डिजिटल कॅमेऱ्यामुळे भिन्न काळांतील भिंगे एकाच मापाने मोजता येऊ लागली, हा मोठा लाभ होय. तथापि ते मोजमाप भिंगाविषयी सांगते, त्या भिंगाने घडविलेल्या जुन्या चित्रपटाविषयी नव्हे. हा भेद जुन्या चित्रपटांच्या डिजिटल पुनरुज्जीवनात विशेष महत्त्वाचा आहे. जो मऊपणा मूळ भिंगाचा आहे तो जपायचा आणि जो झिजलेल्या प्रतीचा आहे तो काढायचा, हा निर्णय इतिहासाच्या आधाराविना घेतल्यास पुढील पिढीच्या हाती मूळ कृतीऐवजी आपल्या अभिरुचीची प्रत पडेल.