कॅप्ट ड्रायव्हर (लिनक्स)

कॅनन कंपनीचे एलबीपी मालिकेतील जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवण्यासाठी कंपनीनेच दिलेला, काही अंशी बंदिस्त ड्रायव्हर. भारतातील कचेऱ्यांत ठाण मांडून बसलेला एलबीपी २९०० हा याच मालिकेतला. त्याला पोस्टस्क्रिप्ट वा पीसीएल कळत नाही. पानाची आखणी संगणकाने करून ती कॅप्ट या खासगी पद्धतीत पाठवावी लागते. यंत्र त्यामुळे स्वस्त पडते, पण ड्रायव्हरविना निव्वळ ठोकळा ठरते.

लिनक्सवर छपाईची रांग कप्स सांभाळते. कॅप्ट ड्रायव्हर मात्र मध्ये सीसीपीडी ही स्वतःची सेवा घालतो. म्हणून प्रिंटरची नोंद दोनदा करावी लागते: एकदा कप्समध्ये, मग सीसीपीडीॲडमिन या आज्ञेने यूएसबीचा पत्ता देऊन. घोळ बहुधा इथेच होतो. यंत्र बंद करून पुन्हा लावल्यावर हा पत्ता बदलू शकतो. मग रांगेत काम दिसते, कागद मात्र हलत नाही. ६४-बिट प्रणालीवर ३२-बिट लायब्रऱ्याही बसवाव्या लागतात. ड्रायव्हरच्या इंटेलसाठी बांधलेल्या फाइली रास्पबेरी पायवर थेट चालत नाहीत, आणि बंदिस्त भागाची मूळ संहिता हाती नसल्याने त्या नव्याने बांधताही येत नाहीत.

लिनक्सवर असाच अडून बसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० चे दुखणे वेगळे. त्याचे फर्मवेअर वीज जाताच पुसले जाते, ते दर वेळी संगणकाने भरावे लागते. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरला त्यासाठी बंदिस्त प्लगइन लागते आणि दोहोंची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. एचपीलिप अद्ययावत केल्यावर छपाई थांबली, तर प्लगइन आधी तपासावे.