व्हिडिओ लोकांचे, मोल कोणाला?

मैत्रिणींनो, आपण मोबाइलवर यूट्यूब पाहतो. २००५ साली अमेरिकेत चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तिघांनी ते सुरू केलं. पहिला व्हिडिओ अवघ्या १९ सेकंदांचा : प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा करीम. तोवर इंटरनेटवर बहुतेक लोक नुसतं वाचायचे, बघायचे. आता साधी माणसंही आपलं काही टाकू लागली. त्यांच्याच व्हिडिओंमुळे गर्दी जमली. २००६ मध्ये गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली. ते मोल कंपनीत हिस्सा असणाऱ्यांना मिळालं, व्हिडिओ टाकणाऱ्यांना नाही. जाहिरातीतला वाटा त्यांच्यापैकी काहींना २००७ पासून मिळू लागला.

बचत गटात आपण प्रत्येकीची बचत वहीत मांडतो. मग आपल्या पाककृतीचा, ओव्यांचा व्हिडिओ टाकतानाही विचारू या : यात आपला वाटा किती?