गणपती परिशिष्टात का गेला?

व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, हे चित्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत मात्र हा प्रसंग मुख्य संहितेत नाही. तो आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. गणेशोत्सवाच्या शहरात असा निर्णय कोणत्या बळावर घेतला गेला?

मुद्रणापूर्वी ग्रंथ हाताने उतरवले जात. लेखनिकाची नजर एका ओळीवरून तशाच शब्दाच्या खालच्या ओळीवर घसरे आणि मधला श्लोक गळे. कोणी समासात लिहिलेली टीप पुढचा लेखनिक संहितेत घेई. अवघड शब्दाच्या जागी सोपा येई. श्रद्धेने घातलेली भर तर वेगळीच. शतकानुशतके असे घडल्यावर काश्मीरची शारदा लिपीतील पोथी आणि केरळची मल्याळम पोथी यांत मोठे अंतर पडले.

१९१९ साली सुरू झालेल्या या कार्याची रीत कमालीची कंटाळवाणी होती, आणि तेच तिचे बळ होते. चौकटी आखलेल्या कागदावर सर्वांत वर प्रचलित पाठातला श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. हा पाठ म्हणजे मूळच्या कोपरगावच्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात आपल्या टीकेसाठी स्वीकारलेला. खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. आदिपर्वाच्या प्रत्येक अध्यायासाठी किमान दहा पोथ्या अशा ताडून पाहिल्या गेल्या.

केंब्रिजमध्ये गणित शिकून पुढे बर्लिनमध्ये भारतविद्येकडे वळलेले विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ साली प्रमुख संपादक झाले. त्यांनी पोथ्यांच्या संख्येला निर्णायक मानले नाही. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे अखेर एकच साक्षीदार. परंतु परस्परांपासून दूर राहिलेल्या परंपरा एखाद्या पाठावर जुळल्या, तर तो पाठ जुना मानायचा. गणपतीची कथा या कसोटीवर टिकली नाही. विंटरनिट्झ यांनी तिच्याविषयीचा प्रश्न १८९८ सालीच उपस्थित केला होता. पुढे सभापर्वात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही असाच संहितेबाहेर गेला.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. संपादकांनी काहीही नष्ट केले नाही. वगळलेली ओळ तारांकित क्रमांकाने तळटीपेत किंवा परिशिष्टात छापली, आणि ती कोणकोणत्या पोथ्यांत आहे हेही दिले. संपादकाचा निर्णय चुकीचा वाटल्यास वाचकाला त्याच पानावर तो खोडून काढता येतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते कार्य थोर खरे, पण त्यांनी नेमके कोठे काय बदलले याची नोंद उरलेली नाही. त्यामुळे त्यांच्या निर्णयावर विश्वास ठेवता येतो. तो तपासता येत नाही.

आपली संहिता हीच व्यासांची मूळ कृती, असा दावाही सुखठणकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते, तेवढेच मागे जायचे, ही त्यांची मर्यादा. पोथ्यांचा आधार नसताना स्वतःच्या कल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह त्यांनी जवळजवळ सर्वत्र टाळला.

१९४३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, तेव्हा बरीच पर्वे बाकी होती. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली, आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली. गणपतीचा प्रसंग आजही आदिपर्वाच्या खंडात शेवटी, पाठभेदांसह, वाचायला मिळतो.